'मन की बात': कमाई किती, खर्च किती?

दौंड-पुणे शटलमध्ये मोबाइलवर एफएम लावा, खासगी स्टेशनवर राजकीय चर्चा मिळणार नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. फक्त आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात. म्हणून आपल्याकडे रेडिओच्या पैशावरून पक्ष भांडतात ते आकाशवाणीच्या 'मन की बात'वरून (सुरुवात ३ ऑक्टोबर २०१४).

एप्रिल २०२३ मध्ये, १०० व्या भागाच्या सुमारास, 'आप'चे गुजरातमधले नेते इसुदान गढवी यांनी ट्विट केलं: एका भागाला ८.३ कोटी, म्हणजे १०० भागांना ८३० कोटी खर्च. पीआयबी फॅक्ट चेकचं उत्तर: ८.३ कोटी हा आजवरच्या सगळ्या जाहिरातींचा मिळून खर्च आहे. एका गुणाकाराने केवढा घोळ! प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

समर्थकांचा आवडता आकडा वेगळा: ३०.८० कोटींची कमाई. तो खरा आहे, सरकारने जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेला. पण फॉरवर्डमध्ये वर्षवार तपशील नसतो. २०१७-१८ मध्ये १०.६४ कोटी आले, २०२०-२१ मध्ये फक्त १.०२ कोटी. शिवाय हे उत्पन्न आहे, नफा नव्हे. स्टुडिओ, ट्रान्समीटर, पगार यांतला या कार्यक्रमाचा वाटा त्यातून वजा केलेला नाही.