गंज आणि सराफाचा काटा

जळगाव ही सोन्याची पेठ. सोने गंजत नाही हे तिथल्या मुलाला शाळेत येण्याआधीच ठाऊक असते. मग रासायनिक बदलाच्या पाठात जळगाव-धुळ्याकडील एखाद्या ख्रिस्ती घरातील विद्यार्थ्याने विचारले, "सर, बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात तर श्रीमंतांचे सोने-रुपे गंजले असे म्हटले आहे," तर आपण काय सांगणार? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, धर्माचा म्हणून बाजूलाही सारू नये, असे आम्हांस वाटते.

त्या जागी मूळ ग्रीक शब्द 'आयॉस' आहे. त्याचे अर्थ दोन : गंज आणि विष. पत्र लिहिणारा धातूंचे गुणधर्म सांगत नव्हता. मजुरांची मजुरी अडवून साठवलेल्या धनाविषयी तो बोलत होता. सोने गंजत नाही, म्हणूनच त्या बोलण्याला धार आहे असे आम्ही समजतो. (चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे; तोही रासायनिक बदलच, पण तो गंज नव्हे.) मत्तयाच्या शुभवर्तमानात मराठी वाचक 'जंग' वाचतो, तिथे मूळ शब्द आहे 'ब्रोसिस', म्हणजे नुसते 'खाणे'. आपणही 'पत्रा गंजाने खाल्ला' असेच म्हणतो.

खाल्ला, तर वजन घटायला हवे. इथे विज्ञानाचा इतिहास उपयोगी पडतो. तापवलेले कथील जड होते, आणि ते हवेमुळे, असे झाँ रे या फ्रेंच वैद्याने 1630 मध्ये लिहिले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अठराव्या शतकातील रसायनज्ञ मानीत की धातूत 'फ्लॉजिस्टन' नावाचे द्रव्य असते आणि धातूचे भस्म होताना ते निघून जाते. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मोपदेशक. सृष्टीचा अभ्यास म्हणजे ईश्वराच्या कृतीचा अभ्यास, अशी त्याची श्रद्धा होती. 1 ऑगस्ट 1774 रोजी त्याने मोठ्या भिंगाने पाऱ्याचे लाल भस्म तापवले. त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती लखलखून जळाली. तो प्राणवायू होता. पण प्रीस्टलीने त्याला 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा' म्हटले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने ही हकिकत लाव्हाझिएला सांगितली. लाव्हाझिएने तराजू हाती धरला आणि दाखवून दिले की धातू काही गमावत नाही, हवेतून घेतो. प्रीस्टलीने 1804 मध्ये मरेपर्यंत हे मानले नाही. ध्यानात घ्यावे, त्याला अडवले ते धर्मश्रद्धेने नव्हे, रसायनशास्त्रातल्याच जुन्या सिद्धान्ताने.

वर्गात हा प्रयोग आषाढात करावा. खानदेशातल्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात खिळा बरेच दिवस चकचकीतच राहतो, आणि 'पाणीही लागते' हे मुलांना आयतेच कळते. ओल्या परीक्षानळीच्या आत लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवा. काही दिवसांत पाणी नळीत सुमारे एक पंचमांश चढते, कारण तेवढा प्राणवायू लोखंडाने घेतलेला असतो.

वजनासाठी 10 ग्रॅम कीस बशीत घ्या. रोज साधे पाणी शिंपडा, गंजला की उन्हात पूर्ण वाळवा. शाळेत चांगला तराजू नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जावे. 112 ग्रॅम लोखंड 48 ग्रॅम प्राणवायू घेते, शिवाय गंजात थोडे पाणीही धरलेले असते. सगळा कीस गंजला नाही तरी काटा वाढ दाखवील. मग एक गंजका पत्रा घेऊन त्याचे पापुद्रे खरवडा आणि उरलेला पत्रा तोला. तो मूळच्यापेक्षा हलका भरेल. कागदावर गोळा झालेले पापुद्रेही मुलांना तोलू द्यावेत.