ट्रॅक डेसाठी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची अलाइनमेंट कशी करतात?

भिवंडीजवळच्या अंजूर परिसरात गोदामांमुळे कंटेनर आणि ट्रेलरची सतत वर्दळ असते. अंजूर फाट्यावरून कामणमार्गे चिंचोटीला जाणारा रस्ता तर खड्ड्यांसाठीच ओळखला जातो. अशा रस्त्यांवर रोज चालणारी गाडी ‘ट्रॅक डे’ला, म्हणजे फी भरून बंद रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला न्यायची असेल, तर इंजिनाची ताकद वाढवण्याआधी चाकं नीट बसवावी लागतात. ऑडीच्या क्वाट्रो किंवा बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हसारख्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये हे आणखी महत्त्वाचं ठरतं.

आधी तीन शब्द

कॅम्बर: समोरून पाहिल्यावर चाकाचा उभा कल. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर.

टो: वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत वळलेली (टो-इन) की बाहेर (टो-आउट), ते.

कास्टर: बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल. स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते यामुळे.

ऑल-व्हील-ड्राइव्हचं वेगळेपण

अशा बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे नाक जड. पुढच्या टायरांना वळणं आणि ओढणं ही दोन्ही कामं करावी लागतात. परिणामी वेगात वळताना गाडी वळणाबाहेर सरकते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. वळणावर गाडी कलंडते तेव्हा बाहेरच्या टायरची फक्त कड जमिनीला टेकते. निगेटिव्ह कॅम्बर दिला की टायरचा जास्त भाग टेकतो.

सुरुवात कुठून?

रोजच्या गाडीचा पुढचा कॅम्बर साधारण शून्य ते उणे 1 अंश असतो. ट्रॅकसाठी पुढे उणे 2 ते 2.5 अंश आणि मागे त्याहून थोडा कमी, अशी सुरुवात करतात. पुढचा टो शून्य किंवा किंचित बाहेर, मागचा किंचित आत. मागे टो-आउट असेल तर ब्रेक मारताना गाडीचा मागचा भाग डगमगतो. अनेक गाड्यांत पुढचा कॅम्बर बदलण्याची कंपनीची सोयच नसते. तिथे कॅम्बर प्लेट किंवा कॅम्बर बोल्ट बसवावे लागतात.

कामाचा क्रम

1. बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग तपासा. ते सैल असतील तर अलाइनमेंट टिकत नाही.
2. टायरमधली हवा आणि गाडीची उंची ठरवा. ड्रायव्हरच्या वजनाइतकं ओझं सीटवर ठेवा.
3. आधी मागची चाकं, मग पुढची.
4. कास्टर, मग कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर बदलला की टोही बदलतो.
5. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट जपून ठेवा.

ट्रॅकवर खरी परीक्षा

लॅप संपताच टायरचं तापमान आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजतात. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर कमी पडतोय. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे. आतली कड थोडी गरम असणं ठीक, फारच गरम असेल तर कॅम्बर जास्त झालाय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. हे प्रयोग फक्त ट्रॅकवरच, हायवेवर नाहीत.

घरी परतताना

कोइम्बतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध, हे देशातले नावाजलेले ट्रॅक भिवंडीहून हजार किलोमीटरपेक्षा लांब आहेत. गाडी चालवत न्यायची असेल तर टायर वाटेतच झिजतात. एका चाकाचा टो 0.1 अंशाने चुकला, तर ते दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडवं घासत जातं.

इतर गाड्यांत झिजलेला टायर बदलून भागतं. इथे चारही टायरांचा घेर जवळपास सारखा लागतो. फरक जास्त झाला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो, आणि तिची दुरुस्ती टायरपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून ट्रॅकहून आल्यावर टो पुन्हा रस्त्याच्या मापावर आणावा, टायरची झीज मोजावी आणि मोठा खड्डा बसल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासून घ्यावी.