कौटुंबिक मोटारीचा गिअरबॉक्स आणि १९५९ चे विश्वविजेतेपद

१/ लहान मोटारीचे इंजिन वाढवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न आज ना उद्या गाठतोच: वाढलेली ताकद गिअरबॉक्स पेलेल का? न पेलल्यास जुनाच गिअरबॉक्स मजबूत करायचा, की तो काढून दुसरा, अधिक भक्कम बसवायचा? हाच प्रश्न १९५९ साली फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या मुळाशी होता. आजचा धागा त्याविषयी.

२/ कथा सुरू होते लंडनजवळच्या सर्बिटन येथील एका गॅरेजमध्ये. चार्ल्स कूपर आणि त्यांचे पुत्र जॉन यांनी १९४६ साली ५०० सीसीची एक चिमुकली शर्यतीची मोटार बांधली. फियाट टोपोलिनो या छोट्या मोटारीचे दोन पुढचे भाग एकमेकांना जोडून तिचा सांगाडा तयार झाला. इंजिन मोटारसायकलचे होते आणि ते साखळीने मागची चाके फिरवत असे. साखळी आखूड राहावी म्हणून ते चालकाच्या पाठीमागे बसवले गेले. त्यामागे क्रांतीचा विचार नव्हता; ती केवळ सोय होती.

३/ त्या काळातील बहुतेक मोठ्या शर्यती-मोटारींत इंजिन पुढे असे. तिथून लांब दांडा चालकाच्या खालून किंवा बाजूने मागच्या चाकांपर्यंत जाई. मोटार त्यामुळे उंच आणि जड होई. कूपरच्या रचनेत हा दांडाच नव्हता. मोटार लहान, बुटकी आणि हलकी राही. वळणावर चपळ असे आणि टायरही कमी झिजवी.

४/ मात्र इंजिन मोठे होऊ लागताच साखळी आणि मोटारसायकलचा गिअरबॉक्स अपुरे पडले. आता गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत हवे होते, आणि तेही इंजिनाच्या मागे बसणारे. अशी पेटी स्वतः ओतून घेणे छोट्या कारखान्याच्या आवाक्यातले काम नव्हते. मग त्यांनी तयार वस्तूचा शोध घेतला आणि ती त्यांना फ्रान्समध्ये सापडली.

५/ सिट्रोएन कंपनीने १९३४ साली ‘त्राक्स्यों आव्हां’ ही मोटार बाजारात आणली. तिचे इंजिन पुढची चाके फिरवत असे. मोटारीच्या नाकाकडून मोजत गेल्यास आधी गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल, मग क्लच आणि शेवटी इंजिन, असा क्रम लागे. हाच संच उलटा फिरवून चालकाच्या पाठीमागे ठेवला की क्रम आपोआप हवा तसा होतो: चालक, इंजिन, क्लच, डिफरन्शियल, गिअरबॉक्स. कूपरला हवी असलेली मांडणी सिट्रोएनच्या अभियंत्यांनी नकळत करूनच ठेवली होती.

६/ अडचण ताकदीची होती. त्राक्स्यों आव्हांच्या सर्वपरिचित चार सिलिंडरच्या मोटारी साधारण पन्नास-साठ अश्वशक्तीच्या होत्या आणि मूळ गिअरबॉक्सला तीनच गिअर होते. पॅरिसमधील ‘एर्सा’ ही संस्था त्याच आवरणात चार गिअर बसवून देत असे. जॅक ब्रॅबम या ऑस्ट्रेलियन चालकाने १९५५ साली कूपरच्याच कारखान्यात स्वतःसाठी बांधलेली मोटार घेऊन एन्ट्री येथील ब्रिटिश ग्रां प्रीत भाग घेतला, तेव्हा तिच्यात हाच सिट्रोएन-एर्सा गिअरबॉक्स होता. ती मोटार शर्यत पूर्ण करू शकली नाही.

७/ इंजिन मात्र थांबायला तयार नव्हते. अग्निशमन पंपांची इंजिने बनवणाऱ्या कॉव्हेंट्री क्लायमॅक्स कंपनीने फॉर्म्युला टू साठी दीड लिटरचे ‘एफपीएफ’ हे शर्यतीचे इंजिन तयार केले. त्याची ताकद होती सुमारे १४० अश्वशक्ती. तेच इंजिन वाढवत १.९६ लिटर, मग २.२ लिटर आणि १९५९ मध्ये पूर्ण अडीच लिटरपर्यंत नेण्यात आले. आता ताकद २४० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचली.

८/ येथे थोडे यंत्रशास्त्र. गिअरबॉक्सवर थेट भार येतो तो टॉर्कचा, म्हणजे दांडा पिळणाऱ्या बलाचा. अडीच लिटरच्या एफपीएफचा टॉर्क सिट्रोएनच्या मूळ इंजिनाच्या दुपटीहून अधिक होता. दोन दंतचक्रे एकमेकांना फिरवतात तेव्हा ती एकमेकांना दूरही ढकलत असतात. हा दाब बेअरिंगमधून आवरणावर येतो. आवरण लवचीक असेल तर दांडे किंचित सरकतात, दाते पूर्ण रुंदीने भिडत नाहीत आणि सारा भार दातांच्या कडेवर येतो. मग दात तुटतो. वरकरणी दोष दातांचा दिसतो. पण पुष्कळदा तो दांडे धरून ठेवणाऱ्या आवरणाचा असतो.

९/ ब्रॅबम मुळात मेकॅनिक होता. शर्यतींआधी त्याने ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात त्या कामाचे शिक्षण घेतले होते. दुखणे आवरणात आहे हे त्याने ओळखले आणि थेट पॅरिस गाठले. एर्साकडून त्याने जाड भिंतींची, आधाराच्या कण्या असलेली नवी आवरणे ओतवून घेतली. गिअरबॉक्सची मूळ रचना तीच राहिली. तिचे कवच तेवढे ताठर झाले. ज्याला स्वतः ती मोटार चालवायची होती, त्यानेच तिचा सर्वांत दुबळा दुवा शोधला होता.

१०/ दरम्यान १९ जानेवारी १९५८ रोजी अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने रॉब वॉकर यांच्या खासगी संघाची कूपर चालवून ग्रां प्री जिंकली. विश्वविजेतेपद स्पर्धेच्या काळात मागे इंजिन असलेल्या मोटारीचा हा पहिलाच विजय. त्याच वर्षी मोनॅकोत मोरिस त्रँतिन्याँ याने वॉकर यांच्याच कूपरमधून पुन्हा विजय मिळवला. हसण्यावारी नेलेली छोटी मोटार आता गंभीर प्रतिस्पर्धी झाली होती.

११/ १९५९ च्या हंगामात अडीच लिटरचे इंजिन आले आणि दोन वाटा फुटल्या. कूपरच्या अधिकृत संघाने ब्रॅबमच्या देखरेखीखाली मजबूत केलेला जुना गिअरबॉक्सच ठेवला. मॉससाठी मोटार सज्ज करणाऱ्या वॉकर संघाला सिट्रोएनच्या पेटीवर एवढा भार टाकणे धोक्याचे वाटले. त्यांनी व्हालेरिओ कोलोत्ती यांच्याकडून नवा पाच गिअरचा गिअरबॉक्स करून घेतला. कोलोत्ती पूर्वी मासेराटीत काम केलेले नामवंत अभियंते. शर्यतीसाठीच आखलेली पेटी कौटुंबिक मोटारीच्या पेटीहून भक्कम ठरणार, हा तर्क पूर्णपणे रास्त होता.

१२/ मे महिन्यात मोनॅको. शंभर फेऱ्यांच्या शर्यतीत मॉस आघाडीवर होता. ८१ व्या फेरीच्या सुमारास त्याच्या मोटारीची संचरणयंत्रणा निकामी झाली आणि ब्रॅबमने आपली पहिली ग्रां प्री जिंकली. त्यानंतर हॉलंडमधील झांडव्होर्ट. तेथेही मॉस आघाडीवर असतानाच गिअरबॉक्स गेला. मधल्या दोन शर्यतींत मॉसने बीआरएमची मोटार चालवली. बर्लिनच्या आव्हुस मार्गावर तो पुन्हा कूपरमध्ये बसला, आणि अगदी सुरुवातीलाच गिअरबॉक्सने दगा दिला.

१३/ येथे घाईने निकाल देऊ नये. याच कोलोत्ती गिअरबॉक्ससह मॉसने पोर्तुगालमध्ये उरलेल्या प्रत्येक स्पर्धकाला किमान एका फेरीने मागे टाकून शर्यत जिंकली आणि लगेच इटलीत मॉन्झाही जिंकले. रचना टाकाऊ असती तर हे घडले नसते. आणि ब्रॅबमची मोटारही काही अभेद्य नव्हती. आव्हुसला तीही बंद पडली होती.

१४/ निर्णय लागायचा होता १२ डिसेंबर १९५९ रोजी, अमेरिकेत फ्लोरिडातील सेब्रिंग येथे. ब्रॅबमचे ३१ गुण, मॉसचे २५.५, तर फेरारीच्या टोनी ब्रूक्सचे २३. त्या वर्षी प्रत्येकाचे सर्वोत्तम पाच निकालच धरले जात. मॉस जिंकला असता आणि ब्रॅबम पहिल्या दोघांत नसता, तर विजेतेपद मॉसकडे जाणार होते. मॉसने सर्वांत जलद वेळ नोंदवून पहिले स्थान पटकावले, सुरुवातीलाच आघाडी घेतली, आणि पाचव्या फेरीत संचरणयंत्रणा मोडून त्याची शर्यत संपली.

१५/ ब्रूक्सला पहिल्याच फेरीत त्याच्या संघसहकाऱ्याची धडक बसली. मोटार तपासण्यासाठी तो थांबला आणि मागे पडला. ब्रॅबम आघाडीवर राहिला. पण शेवटच्या फेरीत त्याच्या मोटारीतील पेट्रोल संपले. त्याचा तरुण सहकारी ब्रूस मॅक्लॅरन पुढे निघून शर्यत जिंकला, तोही अवघ्या २२ व्या वर्षी. ब्रॅबम खाली उतरला आणि मोटार ढकलत अंतिम रेषेपलीकडे नेली. चौथा क्रमांक.

१६/ ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यामागचा हिशेब मात्र क्वचितच सांगितला जातो. चौथ्या क्रमांकाचे तीन गुण ब्रॅबमच्या पाच सर्वोत्तम निकालांत बसतच नव्हते. त्याची बेरीज ३१ होती आणि ३१ च राहिली. ब्रूक्स २७ वर थांबला. म्हणजे मोटार ढकलल्यामुळे ब्रॅबम विश्वविजेता झाला नाही. त्याचे ३१ गुण आधीच जमा होते, आणि ते गाठू शकणाऱ्या मॉसची मोटार कितीतरी फेऱ्या आधीच थांबली होती.

१७/ ‘कोलोत्ती गिअरबॉक्स नसता तर मॉस जिंकला असता’ असे म्हणण्याचा मोह होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो आवरावा. जुना गिअरबॉक्स मॉसच्या वेगाला टिकला असता याची खात्री कोण देणार? दोन शर्यती दुसऱ्या संघाच्या मोटारीत चालवण्याचा निर्णयही त्याचाच होता. एवढे मात्र नक्की म्हणता येते: तीन शर्यती तो गिअरबॉक्समुळे किंवा संचरणयंत्रणेमुळे आघाडीवर असताना गमावून बसला, एक सुरुवातीलाच, आणि अंतिम फरक होता फक्त साडेपाच गुणांचा. मॉस पुढेही कधी विश्वविजेता झाला नाही.

१८/ दोन वाटांतला खरा फरक मजबुतीचा नव्हता, ओळखीचा होता. सिट्रोएनची पेटी दुबळी होती. पण ती नेमकी कुठे आणि का मोडते हे कूपरच्या माणसांना कित्येक हंगामांच्या अनुभवाने ठाऊक झाले होते. नवी पेटी आराखड्यात सरस होती. तिचे दोष मात्र अजून कोणी पाहिले नव्हते, आणि ते दिसायचे ते ऐन शर्यतीत.

१९/ म्हणून जुन्यालाच चिकटून राहावे, असा याचा अर्थ घेऊ नका. कूपरने स्वतःच तसे केले नाही. १९६० च्या नव्या, आणखी बुटक्या मोटारीसाठी ओवेन मॅडॉक यांनी पाच गिअरचा स्वतंत्र गिअरबॉक्स आखला. वडील चार्ल्स यांना या नव्या मोटारीचा खर्च फारसा मानवत नव्हता. त्या मोटारीतून ब्रॅबमने सलग पाच ग्रां प्री जिंकल्या आणि दुसरे विश्वविजेतेपद मिळवले. सिट्रोएनच्या पेटीने काय मोडते ते शिकवले होते. नवी पेटी त्या शिक्षणानंतर आली.

२०/ याच गरजेतून एक उद्योगही उभा राहिला. १९५९ मध्ये फॉर्म्युला टू च्या कूपर मोटारींचे गिअरबॉक्स सतत मोडत होते, म्हणून एका संघाने माइक ह्यूलँड या छोट्या कारखानदाराची मदत घेतली. पुढे ह्यूलँडने फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सचे आवरण उलटे बसवून त्यात शर्यतीची दंतचक्रे घातली. सत्तरच्या दशकात अनेक ब्रिटिश संघांच्या फॉर्म्युला वन मोटारींत कॉसवर्थ इंजिनामागे ह्यूलँडचाच गिअरबॉक्स असे.

२१/ शेवटचा प्रसंग १९६६ चा. नियमांनुसार इंजिने तीन लिटरची झाली होती आणि ब्रॅबम आता स्वतःच्या नावाची मोटार चालवत होता. तिच्यातील ह्यूलँड गिअरबॉक्स दोन लिटरच्या इंजिनांसाठी आखलेला होता. तो मोडू नये म्हणून ब्रॅबम शर्यतीची सुरुवात मुद्दाम हळुवारपणे करी. त्याने आणि प्रतिस्पर्धी डॅन गर्नी याने मागणी केल्यावर ह्यूलँडने अधिक भक्कम ‘डीजी’ गिअरबॉक्स तयार केला, आणि तो त्याच हंगामात ब्रॅबमच्या मोटारीत बसला. स्वतःच्या नावाच्या मोटारीतून विश्वविजेता होणारा ब्रॅबम हा आजवरचा एकमेव चालक.

२२/ कूपरच्या यशाची गोष्ट सांगताना आपण इंजिन मागे गेल्याचे सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचली ती एका फ्रेंच कौटुंबिक मोटारीच्या पेटीतून, आणि कुठे लवते ते पाहून ती पेटी ताठर करून घेणाऱ्या एका मेकॅनिकमुळे. अशा आणखी कोणत्या यंत्राची गोष्ट त्याच्या दुबळ्या भागापासून सांगता येईल? सुचल्यास खाली जरूर लिहा.

धागा समाप्त.