गाठ छातीत, मग फोटो हाडांचा कशाला?

आज बोलायचंय माझ्या मावशीबद्दल. पण वाटेत तुम्हाला थोडं लांब, लंडन-बर्लिनपर्यंत फिरवून आणणार आहे.

मावशीच्या छातीत गाठ होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, गेलेले केस परत आले. ती खुरपायलाही जायला लागली. दीड वर्षाने कंबर धरली. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, काही नाही, कामाची कंबर आहे. आठ महिने तेल आणि गोळ्या. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘बोन स्कॅन’ लिहून दिला, तेव्हा काका चिडलेच. म्हणाले, “गाठ छातीत होती, ती काढून टाकली. आता हाडांचा फोटो कशाला? नुसता खर्च!”

काकांना हसू नका. अमेरिकेतले नामांकित सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांचाही विचार फार वेगळा नव्हता. १८८२ पासून ते स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकदम काढून टाकायचे. कॅन्सर शेजारून शेजारी सरकत जातो, तेव्हा जितकं लांबपर्यंत कापू तितकं बरं, असा त्यांचा हिशोब. बायकांची छाती खोल जायची, हात सुजायचा, वर उचलायचा नाही. आणि एवढं सोसूनही कितीतरी जणींना पुढे हाडात, यकृतात कॅन्सर निघायचाच. जगभर पुढची सत्तरेक वर्षं हेच ऑपरेशन चालू राहिलं.

त्याच काळात, १८८९ साली, लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जनने एक साधा प्रश्न विचारला होता. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्याने गोळा केल्या. २४१ जणींच्या यकृतात कॅन्सर पोचला होता, प्लीहेत मात्र फक्त १७ जणींच्या. रक्त तर दोन्हीकडे जातं. मग असं का? पॅजेटने उत्तर दिलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. बी सगळीकडे उडतं, पण उगवतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीतच. स्तनाच्या कॅन्सरच्या बियाला मानवणारी जमीन म्हणजे हाडं, फुप्फुसं, यकृत, कधी मेंदू. हाडात उगवलं तरी ते बी स्तनाचंच. त्याला हाडाचा कॅन्सर म्हणायचं नाही, औषधही स्तनाच्या कॅन्सरचंच द्यायचं.

पण पॅजेटला हे कळलं ते बायका गेल्यावर. जिवंत बाईच्या अंगात बी कुठे पडलंय, हे बघायचं कसं?

१८९५ मध्ये जर्मनीत राँटगेन यांना एक्स-रे सापडले. माणसाच्या अंगाचा त्यांनी काढलेला पहिला गाजलेला फोटो त्यांच्या बायकोच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट. पुढे १९१३ मध्ये बर्लिनचे सर्जन अल्बर्ट सालोमन यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या तीन हजार स्तनांचे एक्स-रे घेतले आणि कॅन्सर काखेकडे कसा पसरतो तेही पाहिलं. आजच्या मॅमोग्राफीची सुरुवात ती. सालोमन ज्यू होते. नाझींनी १९३८ मध्ये त्यांना छळछावणीत डांबलं. ते वाचले, पण त्यांची चित्रकार मुलगी शार्लट १९४३ मध्ये ऑशवित्झला मारली गेली. पोटात बाळ होतं तिच्या. हे विषयाला सोडून आहे, पण त्यांचं नाव घेतलं की मला ती आठवतेच.

आता एक्स-रेची अडचण ऐका, कारण मावशीचे आठ महिने तिथेच गेले. हाडातला चुना ३० ते ५० टक्के झिजून जाईपर्यंत साध्या एक्स-रेत बहुधा काही दिसतच नाही. घराचं वासं आतून वाळवीने खाल्लं तरी वरून धड दिसतं, तसं.

ही अडचण सुटली ती हाडाचा स्वभाव कळल्यावर. जॉर्ज हेवेशी या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये डेन्मार्कमध्ये उंदरांना किरणोत्सारी, म्हणजे किरण सोडणारा, फॉस्फरस खाऊ घातला आणि तो अंगात कुठे जातो त्याचा माग काढला. दिसलं असं, की हाड म्हणजे मेलेला दगड नाही. मातीच्या घराला आपण सतत सारवतो, लिंपतो, तसं शरीर हाडाला रोज लिंपत असतं. जिथे इजा, तिथे लिंपण जास्त. मग लिंपणाच्या मालातच किरण सोडणारा कण मिसळला, तर दुरुस्ती कुठे चाललीय ते बाहेरून दिसेल!

त्यासाठी हवा होता लवकर विझणारा पदार्थ. तो म्हणजे टेक्नेशियम. दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो, दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो. तो ज्या उपकरणातून काढतात त्याला तिकडची माणसं गमतीने ‘गाय’ म्हणतात, आणि सकाळी तिची धार काढतात. खरंच! १९७१ मध्ये अमेरिकेत सुब्रमण्यन आणि मॅकॅफी या दोघांनी टेक्नेशियम फॉस्फेटला जोडून दाखवलं आणि आजचा बोन स्कॅन उभा राहिला. दंडात सुई, दोन-तीन तास थांबायचं, पाणी भरपूर प्यायचं, लघवीला जाऊन यायचं आणि कॅमेऱ्याखाली निजायचं. पोटुशी असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगायचं. एवढंच.

मात्र डाग दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. जुनं मोडलेलं हाड, झिजलेला गुडघा, तिथेही लिंपण चालूच असतं. म्हणून शंका असली तर पुढे सीटी, एमआरआय, कधी तुकडा काढून तपासणी. उलट गाठ लहान आहे, काखेत काही नाही, दुखणंखुपणं नाही, अशा बाईला सगळ्या अंगाचा स्कॅन सहसा लागत नाही. तो लिहून दिला तर “कशासाठी?” असं जरूर विचारा.

पेट स्कॅनची युक्ती निराळी. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारखी ओढतात, म्हणून किरण सोडणारी साखर टोचायची. १९७६ मध्ये ती पहिल्यांदा माणसाला दिली तेव्हा न्यूयॉर्कजवळ तयार करून विमानाने फिलाडेल्फियाला नेली होती, कारण दोन तासांच्या आत तिचा जोर निम्म्यावर येतो. आपल्याकडे २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ती बनवायचं यंत्र आलं. उपाशीपोटी जायचं, मधुमेह असला तर आधी कळवायचं. यावरून गूळ-साखर सोडली की कॅन्सर मरतो असं कुणी सांगेल, ते खरं नाही. आणि अगदी बारीक, दोन-चार मिलिमीटरचा ठिपका पेट स्कॅनलाही बऱ्याचदा चुकतो.

एवढं बघून करायचं काय? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २००५ पासून ३५० बायकांचा अभ्यास केला. कॅन्सर आधीच दुसरीकडे पसरलाय असं कळलेल्या या बायका. औषधांनी गुण आल्यावर निम्म्या जणींचा स्तन आणि काखेचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचं नाही. २०१५ मध्ये निकाल छापून आला. ऑपरेशनने आयुष्य वाढलं नव्हतं. जखम चिघळली असेल तर काढणं वेगळं, पण सरसकट कापण्यात फायदा नाही. हॉल्स्टेडच्या काळी जे कापून बघावं लागायचं, ते आता आधी बघून, न कापण्याचं ठरवता येतं.

मावशीच्या फोटोत कण्याच्या दोन मणक्यांवर काळे ठिपके होते. परत ऑपरेशन नाही. कमरेला किरणांचं शेक-उपचार, मग रोजची हार्मोनची गोळी. तीन आठवड्यांत ती कूस बदलून झोपायला लागली. पुढे साडेतीन वर्षं होती ती. नातीचं लग्न बघितलं, रुखवताचे लाडू स्वतः वळले. काका तो फोटो अजून गादीखाली सपाट ठेवतात, दुमडू देत नाहीत.