सोया (त्वचाप्रसाधनांतील)

सोयाबीनच्या बियांपासून काढलेले तेल, लेसिथिन, प्रथिने व आयसोफ्लाव्होने यांचा त्वचाप्रसाधनांतील वापर (पहा : सोयाबीन). हे पीक मूळचे पूर्व आशियातील.

तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असते. ते त्वचेतील ओलावा टिकवते. लेसिथिन पाणी व तेल एकजीव करते (पहा : पायस). खरे वैशिष्ट्य मात्र प्रथिनांत आहे. १९४५ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात मिळवलेले ट्रिप्सिनरोधक आणि बोमन-बर्क रोधक ही दोन प्रथिने त्वचेच्या पेशींवरील ‘पार-२’ या ग्राहीचे उद्दीपन रोखतात. त्यामुळे रंगकण वरच्या पेशींत कमी पोहोचतात व काळे डाग फिके होतात (पहा : मेलॅनीन). ही प्रथिने उष्णतेने निकामी होतात, म्हणून उकळलेल्या सोयादुधाच्या लेपाकडून या परिणामाची अपेक्षा ठेवणे चूक ठरेल.

जेनिस्टीन व डेडझीन ही आयसोफ्लाव्होने ऑक्सिडीकरणरोधी असून त्यांची क्रिया इस्ट्रोजेनसारखी, पण सौम्य असते. इस्ट्रोजेनमुळे वांग (चेहऱ्यावरील काळसर चट्टे) वाढू शकतो, म्हणून तो असलेल्यांनी त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

बहुतेकांना हे घटक निर्धोक असतात. सोयाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र सोयायुक्त प्रसाधने टाळावीत. वेष्टनावर सोयाच्या घटकांची नोंद बहुधा ‘ग्लायसिन सोजा’ या नावाने असते.