पेग्मटाइट, वैडूर्य आणि नगरचा काळा कातळ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पेग्मटाइट हा खडक भूपृष्ठावर आढळत नाही. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यापासून नेवाशाजवळच्या प्रवरासंगमापर्यंतचा सारा प्रदेश सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी व्यापलेला आहे. ज्या प्राचीन पायावर हे थर बसले, त्यात पेग्मटाइट असलाच तर तो या काळवत्री दगडाखाली खोल गाडला गेला आहे. तथापि पेग्मटाइटाच्या इतिहासातून निघणारा एक प्रश्न या जिल्ह्याला जवळून लागू पडतो. खनिज निपजते एका ठिकाणी आणि त्याला नाव चढते दुसऱ्याच ठिकाणाचे, हा तो प्रश्न होय.

ग्रॅनाइटाचा शिलारस गोठत असता त्याचा अखेरचा अंश पाणी, बोरॉन, फ्ल्युओरीन, लिथियम यांनी समृद्ध होतो, कारण ही द्रव्ये नेहमीच्या खनिजांच्या घडणीत सामावत नाहीत. हा पातळ अवशेष भेगांत शिरून गोठला म्हणजे पेग्मटाइट तयार होतो. त्यात क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार व अभ्रक यांचे विलक्षण मोठे स्फटिक असतात. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात स्पोड्युमीनचा १२ मीटरांहून लांब स्फटिक सापडलेला आहे. असे स्फटिक फार सावकाश थंड होण्याने वाढतात, हा समज दीर्घकाळ दृढ होता. अलीकडील प्रयोगांनी तो डळमळीत केला असून, शिलारस गोठणबिंदूच्या बराच खाली उतरल्यावर स्फटिक झपाट्याने वाढत असावेत, असे मत पुढे आले आहे. ‘पेग्मटाइट’ हे नाव फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आउई याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक धातूवरून बनविले. ‘घट्ट सांधलेले’ असा त्याचा भाव आहे. आजचा व्यापक अर्थ त्याला हायडिंगर याने १८४५ मध्ये दिला.

महाराष्ट्रात हा खडक पाहावयाचा तर दक्षिण कोकणात, कुडाळ तालुक्यातील कडावल परिसरात जावे लागते. तेथील अभ्रक पेग्मटाइटाच्या शिरांतलाच आहे. विजेला व उष्णतेला दाद न देणारा म्हणून विद्युत्‌यंत्रांच्या युगात अभ्रकाला मोल आले. लिथियम, बेरिलियम, टँटॅलम या धातूंच्या खनिजांमुळे पेग्मटाइटाचे महत्त्व आज त्याहूनही वाढले आहे.

पेग्मटाइटाचे रत्न म्हणजे बेरिल. हा युरोपीय शब्द ग्रीक ‘बेरिल्लोस’वरून आला आणि ग्रीकांनी तो भारतीय भाषांतून घेतला. प्राकृत ‘वेरुलिअ’, पाली ‘वेळुरिय’ आणि संस्कृत ‘वैडूर्य’ ही त्याची भावंडे होत. मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या असे सर्रास समजले जाते. प्राचीन व्यापारातले वैडूर्य मात्र पुष्कळदा बेरिलच असावे. पाणिनीने हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामावरून साधला. त्यावर पतंजलीने मार्मिक शंका उपस्थित केली आहे: हे रत्न उपजते वालवाय येथे, विदूर येथे त्यावर केवळ संस्कार होतात, मग नाव विदूराचे का? वैयाकरण म्हणून त्याने या शंकेचा परिहारही केला, परंतु खाणीचे नाव मागे पडून कारागिरांच्या गावाचे नाव टिकते, ही वस्तुस्थिती त्याने अचूक हेरली होती.

आता नगरकडे वळू. येथील बेसाल्टात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्यातील द्रव्यांनी त्या भरल्या. गारगोटी, कॅल्सेडोनी, अकीक, झिओलाइट ही त्यांची संपत्ती होय. तिची पारख फार जुनी आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे व पुढे नेवासे आणि दायमाबाद येथे ताम्रपाषाणयुगीन माणसांची अवजारे उजेडात आली. तांबे दुर्मीळ असल्याने नित्याच्या वापराची पाती ते लोक कॅल्सेडोनीची काढीत. त्या काळची संस्कृती आज जोर्वे या गावाच्या नावाने ओळखली जाते. दगडाला न मिळालेला मान येथे मडक्यांना मिळाला, असे म्हणावे लागते.

स्फटिकांच्या वाट्याला मात्र विदूराचीच कथा आली. ब्रुक याने १८३१ मध्ये दख्खनच्या एका झिओलाइटाला पुण्यावरून ‘पूनालाइट’ असे नाव दिले. पुढे ते खनिज मेसोलाइटच ठरल्याने नाव बाद झाले. परंतु ‘पूना’ हा शिक्का राहिलाच. जुन्या संग्रहांतील कित्येक नमुन्यांच्या चिठ्ठीवर तेवढाच शब्द असतो. विहीर कोणती, खाण कोणती, याचा पत्ता नसतो. ही केवळ अभिमानाची बाब नव्हे. कोणत्या थरात कोणता झिओलाइट उपजला यावरून त्या थराचे तापमान आणि तो किती खोल पुरला गेला होता, हे अनुमानता येते. स्थळ हरवले की नमुना शोभेपुरता उरतो, आणि जाणत्या संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही घटते.

राहुरीजवळचा मोमीन आखाडा याला सुखद अपवाद आहे. तेथील ॲपोफिलाइट देशोदेशींच्या संग्रहांत त्या वस्तीच्याच नावाने नोंदले जाते. दगड फोडणाऱ्याच्या लेखी मात्र ती अजून ‘गार’च असते, आणि खडीच्या ढिगात किती गार जाते याची नोंद कोणी ठेवीत नाही.