डब्यातला ओवा, दारातला ओवा

उदगीरला बऱ्याच घरांच्या दारात, फुटक्या बादलीत नाहीतर जुन्या माठात, जाड लवदार पानांचं एक झाड असतं. पावसाळ्यात त्या पानांची भजी होतात. लेकराला सर्दी-खोकला झाला की पान तव्यावर शेकून रस मधातून चाटवतात. नाव विचारलं तर उत्तर एकच: ओवा.

पण पुरीत, भाजणीत पडणारा, पोट दुखलं की मिठासोबत चावायचा, बाळंतिणीच्या शेकासाठी काढून ठेवायचा तो डब्यातला ओवा म्हणजे वेगळीच वनस्पती. ती कोथिंबीर-शेपूच्या कुळातली. दारातला पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास जुळतो, कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रोल ही दोन द्रव्यं एकमेकांची जवळची भावंडं आहेत. नाव वासावरून पडलंय, झाडावरून नाही.

आता इतिहासाकडं येऊ. डब्यातल्या ओव्याचा कागद भरपूर सापडतो. संस्कृत वैद्यकात तो यवानी. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांत शोधायचा तर कॅरम कॉप्टिकम हे नाव बघा. पहिल्या महायुद्धाआधी भारतातून ओवा जर्मनीला जायचा, तिथं त्यातून थायमॉल काढायचे. जंतुनाशक म्हणून आणि पोटातल्या अंकुशकृमींवर ते वापरलं जायचं. १९१४ ला युद्ध पेटलं आणि हा व्यापार अडला. ज्या मालाला भाव, त्याची नोंद.

पानओव्याचं काय? १७९० मध्ये लौरेरो या पोर्तुगीज पाद्र्यानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, ते आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटावरून. त्याचं मूळ विचाराल तर बहुतेक अभ्यासक आफ्रिकेकडं बोट दाखवतात. तिथून आपल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत तो कसा आला, याचा माग दप्तरात लागणं अवघड. कारण सोपं आहे. त्याचं बी पेरावं लागत नाही, फांदी खोचली की लागते. शेजारीण फांदी मोडून देते, ना पैसा ना पावती. जकात नाही तर नोंदही नाही.

जाता जाता तिसऱ्या ओव्याबद्दल, कारण इथं चूक महागात पडते. खुरासानी ओवा धोतऱ्याच्या कुळातला, विषारी. भावप्रकाशात तो पारसीक यवानी म्हणून येतो, युनानीतही आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. म्हणजे इथल्या औषधांचा जुना कागद उर्दूत असण्याची शक्यता बरीच. त्यात ‘अजवाइन’ दिसली की लगेच ‘ओवा’ लिहून मोकळं होऊ नका, पुढचा शब्द वाचा. देसी असेल तर पचनाची, खुरासानी असेल तर गुंगी आणणारी. घरगुती औषधांवर लिहिणारे इथंच घाई करतात, असं माझं मत.

मग पानओव्याचा इतिहास लिहायचा कशावरून? मुलाखतींवरून. पण ‘हे कशावर चालतं?’ एवढंच विचारू नका. त्याला पाठ झालेली यादी ऐकायला मिळते. ‘ही फांदी कुणी दिली?’ असं विचारा, आणि माहेर, सासर, बदलीचं गाव, जे येईल ते नकाशावर मांडत जा.